आधी पडलेला होकार

डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते इतक्या सहज, की नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने हात पुसता पुसता "आलोच आहे तर बेसिनखालचंही बघून टाकू का?" म्हणावं. पहिलं मूल सिझेरियनने झालं होतं, दुसरंही तसंच होणार हे ठरल्यात जमा होतं. तर पोट उघडलेलंच असेल त्याच वेळी नळ्याही बांधून टाकायच्या का, म्हणजे पुन्हा दिवस राहण्याचा प्रश्नच मिटेल. एवढं बोलून त्यांनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी संपवलं आणि पेला उपडा ठेवला. पेला उपडा ठेवणं ही त्यांची रोजचीच सवय असणार, त्यात अर्थ काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्या उपड्या पेल्याकडे बघत असताना तिच्या आत, बाळाच्याही खाली कुठेतरी, एकदम हलकं झालं. लहानपणी शाळेत मधल्याच तासाला शिपाई नोटीस घेऊन यायचा, कुणीतरी थोर माणूस वारलेला असायचा, बाई जड आवाजात उरलेल्या दिवसाची सुट्टी जाहीर करायच्या, आणि अख्खा वर्ग आनंदाने फुटायच्या बेतात असताना सगळ्यांना मान खाली घालून उभं राहावं लागायचं. तसला आनंद होता तो. आला तसा तिने चेहऱ्यावरून पुसून टाकला आणि मान खाली घातली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. नवरा शेजारच्याच खुर्चीत होता, आणि त्याने नुकतंच, एखाद्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल विचारावं तसं, विचारलं होतं, "नंतर वाटलं तर उलटं करता येतं का हो?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की प्रयत्न करतात लोक, कधी जमतं, कधी नाही. पण उलटं करायचं आधीपासूनच मनात असेल तर मुळात करूच नये. घाई नव्हती. दोघांनी बोलून ठरवावं. तशी संमती हिची एकटीची लागते, पण नंतर घरचं कुणी येऊन आपल्याशी भांडलेलं त्यांना आवडत नसे. नवऱ्याने मान डोलावली आणि खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या पायाने फरशी हळूच दाबली. तो गाडी शिकवण्याच्या शाळेत शिकवायचा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे जेवणाच्या टेबलापाशी, बँकेत, सिनेमात, जिथे म्हणून त्याला धोका दिसे तिथे त्याचा पाय आपोआप जमिनीत रुते. गावभर त्याला मास्तर म्हणत. घरातही हळूहळू मास्तरच झालं होतं, त्याची आईसुद्धा फोनवर "मास्तर आहेत का?" असं विचारून स्वतःच हसायची.

तिचा धंदा त्याहून चमत्कारिक होता. परक्या भाषेतल्या मालिकांमधल्या बायांना ती आवाज द्यायची. काळोख्या, गादी लावलेल्या भिंतींच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभं राहायचं, समोरच्या पडद्यावरच्या बाईचं तोंड उघडलं की आपलं उघडायचं, मिटलं की मिटायचं. ओठ जुळतात त्या जागी ओठ जुळणारं अक्षर टाकायचं, ती श्वास घेईल तिथे आपणही घ्यायचा. या कामात तिचा हात, म्हणजे कान, म्हणजे खरं तर डोळा, कुणी धरू शकत नव्हतं. तोंड पुरतं उघडायच्या आत त्यातून काय येणार हे तिला दिसायचं. आणि पंधरा-सोळा मालिकांमध्ये मिळून तिला काम कसलं, तर आईचं. सोसणारी आई, वाट पाहणारी आई, मुलासाठी दागिने विकणारी आई, मुलाने टाकून दिल्यावर त्याच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवणारी आई. ध्वनिमुद्रण करणारा तिला आईसाहेब म्हणायचा. तिचा आवाज ऐकून किती जण रडले असतील याची मोजदाद नव्हती, आणि तिच्या घरात एक लहान मुलगी होती जी टीव्हीवर तोच आवाज लागला की म्हणायची, "ही आई छान आहे."

आता या दोघांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण सगळं घोडं तिथे पेंड खातं. लग्नाच्या सुरुवातीला दोघंही इतकी समजूतदार होती की त्यांचं काहीच ठरत नसे. तू म्हणशील तसं, नाही तू म्हणशील तसं, यात सिनेमाची वेळ टळून जायची. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला. तो आकडे म्हणायचा, एक, दोन, तीन, आणि तीन झाल्यावर दोघांनी एकाच दमात आपापलं उत्तर बोलायचं. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर ज्याचं नको असेल त्याचं खरं. मोठा न्यायी नियम होता. फक्त ती त्यात पहिल्या दिवसापासून लबाडी करत आली होती. म्हणजे तिने ठरवून काही केलं नव्हतं. तीन झाल्यावर तिची नजर त्याच्या ओठांवर जायची, तिथे काय आकार घेतंय ते कळायचं, आणि तिच्या तोंडून तेच पडायचं, केसभर उशिरा, त्याला कधी कळणारही नाही इतकं. डोंगरावर जायचं? हो. भाड्याचं घर बदलायचं? नको. पहिलं मूल? हो. दरवेळी जुळायचं. सासूबाई नातेवाइकांत सांगत सुटायच्या, की असं एकमत मी जन्मात पाहिलं नाही, आमचं आयुष्य गेलं पण पडद्याच्या रंगावर कधी जमलं नाही. ती ऐकून ओशाळं हसायची. लोकांना तो विनय वाटायचा.

दवाखान्यातून बाहेर पडून दोघं गाडीत बसली. गाडी शाळेचीच, त्यामुळे शेजारच्या सीटसमोरही पायाखाली ब्रेक होता आणि मास्तर तिला दरवेळी सांगायचा, पाय जरा मागे घे. पोट इतकं पुढे आलं होतं की आपले पाय कुठे आहेत हे तिला सांगोवांगीच कळायचं. त्याने किल्ली लावली, फिरवली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून तो म्हणाला, आत्ताच करून टाकू या ना एक-दोन-तीन, म्हणजे डोक्याला भुणभुण नको. तेव्हा तिला म्हणता आलं असतं, की हे सिनेमाचं तिकीट नाही. म्हणता आलं असतं, की शरीर माझं आहे, मी विचार करून सांगते. ती म्हणाली, बरं. त्याने तिच्याकडे तोंड केलं आणि मोजलं. आणि तीन झाल्यावर तिला त्याच्या दातांच्या फटीत जिभेचं टोक दिसलं. वरच्या दातांना टेकायला निघालेलं, नकोच्या वाटेवर असलेलं. तिने इतकी वर्षं जे केलं नव्हतं ते केलं. थांबली नाही. जीभ टेकायच्या आत तिने "हो" म्हणून टाकलं.

त्याचं तोंड तसंच जरा उघडं राहिलं, आणि मग त्या तयार असलेल्या आकारातूनच, थोडासा वेडावाकडा होत, शब्द आला, "हो." मग तो हसला. म्हणाला, चला, जुळलं. गाडी सुरू करताना त्याने आरशात बघितलं, बाजूला बघितलं, मागे बघितलं, सगळं शिस्तीत, आणि बंद असलेल्या वायपरचं बटण दाबलं. कोरड्या काचेवर वायपर खरखरत फिरायला लागले. तो घाईने ते थांबवत असताना ती खिडकीबाहेर बघत होती, आणि स्वतःला समजावत होती की तीन म्हणतानाही जीभ दातांना टेकतेच, तेच उरलेलं असणार. पण हे समजावणं तिला स्वतःलाच पटवता येईना. उरलेली जीभ खाली येते. ही वर चढत होती. तिच्या धंद्यात हा फरक न कळणाऱ्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवतात.

त्यानंतरचे आठवडे वरवर छान गेले. घरात एक निर्णय झाला होता आणि निर्णय झालेल्या घरात जो मोकळेपणा येतो तो आला होता. मदतीला येऊन राहिलेल्या सासूबाईंनी तो निर्णय परस्पर दोन-चार घरी पोचवला आणि प्रत्येक घरून तो एकेक कारण जोडून परत आला. दोनदा पोट उघडल्यावर तिसऱ्यांदा म्हणजे जिवाशी खेळच की. हल्ली दोनच पुरे. तिचं वयही झालं. तिच्या कामाचं काय होणार मग. अगदी सासूबाईंनीसुद्धा भाजी निवडत म्हटलं, "तू तुझ्या तब्येतीचं बघितलंस हे बरं केलंस गं, आमच्या वेळी कुणी विचारत नव्हतं." एवढी चांगली चांगली कारणं घरात येऊन पडलेली बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एखाद्याने चोरून आणलेल्या खुर्चीवर पाहुण्यांनी बसून खुर्चीची तारीफ करावी, तसं. कारण यातलं एकही कारण तिचं नव्हतं. तब्येत ठणठणीत होती. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सांगितलं होतं की तिसरं करायचंच म्हटलं तर काळजी घेऊन करता येईल. तिचं कारण एवढंच होतं की तिला नको होतं. नुसतंच. त्याला पुढे-मागे काही जोडता येत नव्हतं, आणि मागून विचारलं तर दाखवायला काही नव्हतं.

म्हणजे दाखवायला होतं, पण दाखवण्यासारखं नव्हतं. भुंगी, म्हणजे थोरली, सतत गुणगुणत असते म्हणून भुंगी, तिच्या जन्माच्या वेळचं. तेव्हाही असंच पडद्याआड पोट कापलं होतं आणि ओलं, रागावलेलं, जांभळट काहीतरी तिच्या गालाशी आणून टेकवलं होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. परिचारिका, भूल देणारा, मास्तर. आणि तिला काय वाटत होतं, तर भूक लागली होती. पाव आणि लोणी डोळ्यांपुढे आलं होतं. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं हे तिला कळत होतं, सगळे थांबले होते, आणि मग तिने ते केलं ज्याचा विचार मनात आला तरी आजही तिचे पाय पांघरुणात आखडतात. तिने आवाज लावला. मालिकेतल्या कोळशाच्या खाणीपाशी राहणाऱ्या आईचा, हरवलेलं मूल सापडल्यावरचा, मागच्याच महिन्यात केलेला, दोन श्वास घेऊन आणि मधे एक हुंदका अडकवून: "आलीस गं... किती वाट पाहायला लावलीस." परिचारिका डोळे पुसायला लागली. मास्तर तर ढसाढसा रडला. सासूबाई बाहेर होत्या पण आता त्या तो प्रसंग स्वतः पाहिल्यासारखा सांगतात, त्या वाक्यासकट. भुंगीलाही पाठ आहे. "मी आले तेव्हा तू काय म्हणालीस?" असं विचारते, आणि ती म्हणून दाखवते, आणि दरवेळी आधीपेक्षा जरा चांगलं होतं.

पुढे तिला भुंगी आवडायला लागली. खूपच. हेही खरं होतं आणि ते सांगायला कुठे आवाज लावावा लागत नव्हता. पण त्या आधीचे महिने. काम संपल्यावर सगळे गेले की ती त्या गादीच्या भिंतींच्या खोलीत खुर्ची ओढून बसायची. दिवा बंद, हेडफोन गळ्यात. तिथे आवाज मरतो. टाळी वाजवली तरी ती हातातच राहते. त्या खोलीत तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं, आणि मारलीच तर ऐकू आली नसती. घरी गेल्यावर ती सांगायची, आज लांबलं काम. मास्तर खांद्यावर मूल घेऊन येरझारा घालत असायचा, शर्टावर दुधाचे डाग, म्हणायचा, अगं तू दमली असशील, बस. त्याला कधी वाटलंच नाही की मालिकेतल्या आया रोज एवढं काय बोलत असतील. तो त्यात रमला होता. तो एकुलता एक. लहानपणी पत्तेही एकटाच खेळायचा, समोरच्या रिकाम्या जागेलाही पानं वाटून, आणि त्या रिकाम्या जागेची पानं न बघता, प्रामाणिकपणे, हरायचाही. हे त्याने तिला लग्नाआधी गंमत म्हणून सांगितलं होतं. नवी गाडी बघायला जायचे तेव्हा तो मागचं दार उघडून म्हणायचा, मागे तिघं आरामात बसतात बरं का. विक्रेत्याला वाटायचं सासू-सासरे. तिला माहीत होतं कोण तिघं. त्याने कधी एकदासुद्धा, तोंड उघडून, मला आणखी एक हवंय, असं म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळ आली तेव्हा त्याची जीभ दातांपर्यंत पोचली होती.

सांगून टाकायचं तिने ठरवलं नाही असं नाही. एका सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता, तोंड फेसाने भरलेलं, बोलता येणार नाही अशी चांगली वेळ बघून ती दारात जाऊन उभी राहिली. त्याने आरशातून भुवया उंचावल्या. ती म्हणाली, काही नाही, टॉवेल धुवायला टाकायचाय. दुसऱ्यांदा तिने सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, तू उगाच ऑपरेशनची भीती घेतली आहेस, मी आहे ना आत, आणि तिचे पाय चेपायला बसला. सुजलेले पाय त्याच्या मांडीवर ठेवून ती छताकडे बघत राहिली आणि तिला वाटलं की हा माणूस थोडासा तरी वाईट असता तर किती सोय झाली असती. आणि सांगायचं तरी काय? तुझा नकार मी पाहिला? पाहून त्याच्यावर माझा शब्द टाकला? मग तो म्हणणार, बरं, मग नको करू या. नियमच होता तसा. आणि ती सुट्टी, ती अर्ध्या दिवसाची चोरटी सुट्टी, गेली असती. सांगायचं नव्हतं ते यासाठी. इतका साधा, हिशेबी, कोडगा प्रकार होता तो. आणि तो तिला पुरता दिसत होता, त्याचं तिला जास्त वाईट वाटत होतं. स्वतःला फसवता आलं असतं तर निदान लाज अर्धी झाली असती.

बाळंतपणाआधीच्या शेवटच्या कामाला ती गेली तेव्हा खुर्ची दिली होती, कारण उभं राहवत नव्हतं. पडद्यावर एक आई खिडकीत उभी राहून परदेशी निघालेल्या मुलाला परवानगी देत होती. छोटासा तुकडा. तिने वाक्य म्हटलं. काचेपलीकडून ध्वनिमुद्रण करणाऱ्याने हात वर केला. पुन्हा म्हटलं. पुन्हा हात. तो तिच्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारा, टक्कल पडलेला, सर्दी कायमची मुक्कामाला असलेला माणूस होता आणि त्याने तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सात-आठदा झाल्यावर त्याने बटण दाबलं आणि हेडफोनमध्ये त्याचा सर्दट, दिलगीर आवाज आला, "आईसाहेब, आवाज आधी पडतोय. ती बिचारी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोलून मोकळ्या होताय." तो म्हणाला, राहू दे, मी मागे सरकवून घेतो, कुणाला कळणार नाही, आणि त्याने खरंच तिचा आवाज उचलला आणि योग्य जागी नेऊन ठेवला. पडद्यावरची बाई तोंड उघडून सुरेख बोलली. गादीच्या भिंतींत बसून ते ऐकताना तिला घाम फुटला. ध्वनिमुद्रण करणारा पाणी घेऊन धावत आला. त्याला वाटलं कळा सुरू झाल्या.

ठरल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत गार होतं आणि सगळ्यांचे आवाज टाइल्सवर आपटून परत येत होते. कमरेत इंजेक्शन दिल्यावर तिचे पाय तिला सोडून गेले. छातीपाशी हिरव्या कापडाचा आडपडदा बांधला होता. त्याच्यापलीकडे डॉक्टरीणबाई आणि त्यांचे लोक, अलीकडे तिचं डोकं, उशाशी बसलेला मास्तर आणि भूल देणारा डॉक्टर. हा भूल देणारा मास्तरांकडेच गाडी शिकला होता आणि या अवघड वेळी गुरू भेटल्याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. गाडी लावताना अजून मागचा अंदाज येत नाही हो मास्तर, असं तो सांगत होता. सगळ्यांच्या नाका-तोंडावर पट्ट्या. ती एकेकाकडे बघत होती आणि कुठल्याच चेहऱ्यावर तिला धरायला काही सापडत नव्हतं. नुसते डोळे, आणि डोळे वाचायची तिला कधी सवयच नव्हती. मग ओढाताण सुरू झाली. दुखत नव्हतं, पण कुणीतरी आपल्या आतल्या कपाटातून कोंबून ठेवलेलं अंथरूण बाहेर खेचतंय असं वाटत होतं. आणि रडं आलं. बाळाचं. मुलगी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पडद्यावरून एक लाल, सुरकुतलेलं, तक्रारखोर डोकं दाखवून ते कोपऱ्यातल्या दिव्याखाली पुसायला नेलं. मास्तरचे डोळे वाहत होते. तो तिच्याकडे बघत होता, सगळेच बघत होते, थांबले होते. तिने तोंड उघडलं आणि या वेळी काहीच बोलली नाही. हात तेवढा त्याच्या बाहीवर ठेवला.

बराच वेळ पडद्यामागे टाके पडत राहिले. मग डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, तसाच, नळवाल्यासारखा. पिशवी शिवून झाली होती, आता नळ्यांपाशी आलो आहोत, ठरल्याप्रमाणे ना?

"जरा थांबाल का?" ती म्हणाली.

"मिनिटभर थांबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार नाही."

तिने मान वळवली. मास्तर वाकला, त्याला वाटलं मळमळतंय. "त्या दिवशी गाडीत," ती म्हणाली, "तू नको म्हणत होतास."

त्याने नाकावरची पट्टी वर ओढली. मग म्हणाला, "तुझं हो आलं ना आधी. मग म्हटलं राहू दे."

"मला दिसलं होतं. तू नको म्हणणार हे दिसलं, म्हणून मी आधी बोलले."

यंत्राची टिकटिक चालली होती. भूल देणाऱ्याला अचानक आपल्या नळकांड्यांमध्ये पुष्कळ काम सापडलं. पट्टीच्या वर मास्तरचे डोळे होते, अजून ओले, आणि ते ओलं आता कशाचं हे तिला सांगता आलं नसतं.

"हे तू आत्ता सांगतेस?" तो म्हणाला. "इथे?"

"हो."

"मला हवं होतं आणखी एक," मास्तर म्हणाला. ते त्याने इतक्या हळू म्हटलं की एरवी तिने ते ओठांवरून घेतलं असतं. आता कान द्यावा लागला. "म्हणजे लगेच नाही. पण वाट बंद व्हायला नको होती."

"मला नको आहे," ती म्हणाली. "तब्येतीसाठी नाही. कामासाठी नाही. तू चांगलंच केलंस सगळं, तुझ्यामुळेही नाही. मला नकोच आहे, आणि तुला हवंय हे माहीत असून नको आहे." आवाज घोगरा, कोरडा आला, श्वास नको तिथे तुटला, शेवटचा शब्द अर्धा गिळला गेला. असलं वाक्य काचेपलीकडच्या माणसाने दहादा परत म्हणायला लावलं असतं.

तो काहीतरी आठवू बघत होता. बहुधा नियम. मग म्हणाला, "तुझंही नको, माझंही नको. आता कुणाचं खरं धरायचं?"

"मास्तर," पडद्यामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी हळुवार धार होती, "मी तुम्हाला विचारत नाहीये. यांना विचारतेय."

त्या पडद्याकडे बघत तिला वाटलं की हे असं विचारणं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीतच झालं होतं, अगदी याच शब्दांत, संमती हिची एकटीची लागते, आणि तरी ती उठून गाडीत जाऊन बसली होती, कुणीतरी एक-दोन-तीन म्हणावं म्हणून. जे उघड मागता आलं असतं ते तिने चोरलं होतं. कारण मागताना चेहरा दाखवावा लागतो. गाल इतके तापले होते की आपल्याला ताप आला की काय असं तिला वाटलं. "बांधा," ती म्हणाली.

मग ओढलं गेलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. फार वेळ लागला नाही. कोपऱ्यातून परिचारिकेने वडिलांना हाक मारली आणि मास्तर उठून गेला. जाताना त्याने तिचा हात आपल्या बाहीवरून काढला, टाकला नाही, उशीशेजारी ठेवला. ती छताकडे बघत पडून राहिली. तिला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर काहीतरी उतरेल. उतरलं काहीच नाही. उलट आतापर्यंत त्या लाजेला घरात लपायला जागा होती, सासूबाईंच्या कौतुकामागे, डॉक्टरांच्या सल्ल्यामागे, चांगल्या चांगल्या कारणांमागे. आता ती या लख्ख दिव्याखाली उघडी पडली होती आणि खोलीतल्या सगळ्यांनी, गाडी मागे घेता न येणाऱ्या माणसासकट, ती पाहिली होती. झालं हं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती थँक्यू म्हणाली आणि ते म्हटल्याचीही तिला लाज वाटली.

मास्तर परत आला तेव्हा त्याच्या हातात गुंडाळलेलं बाळ होतं. ते तो काचेचं असल्यासारखं धरून होता, चालतानाही दोन्ही बाजूंना बघत. स्टुलावर बसला आणि बाळाचं तोंड तिच्या तोंडाजवळ आणलं. नाक तुझं आहे, तो म्हणाला. कपाळ कुणाचं ते अजून कळत नाही. बाळ जांभई देत होतं, त्याच्यापेक्षा मोठी.

"रागावलास?" तिने विचारलं.

त्याने विचार केला. खरंच विचार केला. तेवढा वेळ तो बाळाकडेही बघत नव्हता.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "आत्ता हात भरलेत. घरी गेल्यावर रागावणार आहे मी."

"खूप?"

"हो. मला वाटतं खूप."

"बरं," ती म्हणाली. तिला मान पलीकडे वळवावीशी वाटत होती, भिंतीकडे, जिथे कुणी नव्हतं. तिने ती वळवली नाही. पट्टीच्या वरच्या त्या दोन डोळ्यांकडे, त्यांतलं काहीही नीट न कळता, ती बघत राहिली.